सिरिंजमध्ये उरलेला थेंब : नशेच्या सुईवरच्या संशोधनातून विदर्भातल्या गावांनी काय घ्यावं

मेडिकलमधून पाच मिलीची एक साधी नवी सिरिंज आणा. सुई लावा, पाणी ओढून घ्या आणि दट्ट्या शेवटपर्यंत दाबा. सिरिंज रिकामी झालेली दिसते. आता सुई काढून सिरिंजचं निमुळतं टोक झटका, हातावर पाणी उडेल. दट्ट्या टेकतो तिथून सुईच्या टोकापर्यंतची जागा काही केल्या रिकामी होत नाही. सुई वेगळी लावायच्या सिरिंजमध्ये तिथं साधारण ८० मायक्रोलिटर द्रव अडकून राहतो, म्हणजे एक मोठा थेंब. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई कायमची बसवलेली असते, म्हणून तिच्यात उरतं ते जेमतेम दोन-तीन मायक्रोलिटर. नशेच्या सुईतून रोग कसे पसरतात याबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या उरलेल्या थेंबापाशी येऊन थांबतं.

पाण्याच्या जागी रक्त आहे असं समजा. शिरेत नशा घेणारा माणूस सुई शिरेत नीट बसली का हे पाहायला दट्ट्या किंचित मागे ओढतो आणि रक्त सिरिंजमध्ये येतं. औषध आत गेल्यावरही त्या थेंबात त्याचं रक्त राहतं. तीच सिरिंज शेजारी बसलेल्या मित्रानं घेतली की तो थेंब थेट मित्राच्या शिरेत जातो. मधे पाण्यानं खंगाळली तर थेंब पातळ होतो, पण धोका जात नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम असे थेंब सिरिंजमध्ये ठेवून दिले आणि विषाणू किती दिवस तग धरतो ते तपासलं. एचआयव्ही कित्येक आठवड्यांनंतरही जिवंत सापडला. यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस सीचा विषाणू तर ६३ दिवसांपर्यंत टिकला. सिरिंज नवी आणि पाणी, चमचा, कापूस मात्र सगळ्यांचा एकच असेल, तरीही हिपॅटायटिस सी पसरू शकतो.

रक्तातून जाणारे मुख्य विषाणू तीन आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. हिपॅटायटिस बी सर्वांत सहज लागणारा. कोरड्या पृष्ठभागावरही तो निदान सात दिवस राहतो, आणि लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर १०० पैकी ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण १,००० टोचण्यांमागे सुमारे ३ आहे. हा आकडा दवाखान्यात चुकून टोचलेल्या सुईचा आहे. शिरेतल्या नशेसाठी सुई वाटून घेतली तर धोका प्रत्येक वेळी त्याच्या दुप्पट धरतात, आणि नशा करणारा दिवसातून तीन-चार वेळा सुई घेतो. बीवर लस आहे. एचआयव्हीवर लस नाही, पण रोज गोळ्या घेतल्या तर माणूस पूर्ण आयुष्य जगतो. सीवर लस नाही, पण तो पूर्ण बरा होतो.

सीचा कावा वेगळाच आहे. १०० जणांना लागण झाली तर साधारण ७० जणांच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो आणि वीस-तीस वर्षं काहीच जाणवू देत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, भूक मरत नाही, माणूस शेतात राबत असतो. पोटात पाणी भरू लागतं तेव्हा यकृताचा बराच भाग गेलेला असतो. म्हणून ‘आमच्या गावात कुणाला नाही’ या वाक्याला हिपॅटायटिस सीच्या बाबतीत काही अर्थ नसतो. तपासणी झालेली नसते, एवढंच त्यातून कळतं.

नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया द्याव्यात ही कल्पना कुण्या मंत्रालयातून आलेली नाही. १९८४ साली ॲम्स्टरडॅममध्ये शहराच्या मध्यभागातल्या एका औषध दुकानानं सुया विकणं बंद केलं. तिथल्या नशा करणाऱ्यांची स्वतःची एक संघटना होती. आता हिपॅटायटिस बी पसरणार हे तिनं ओळखलं आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्याच्या मदतीनं जुनी सुई घेऊन नवी देण्याचं काम सुरू केलं. तेव्हा एचआयव्हीची नीट चाचणीही बाजारात आलेली नव्हती.

ही कल्पना कानावर पडली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो रागाचा. सरकार व्यसनी माणसाला सुया वाटणार? हा प्रश्न खोडसाळ नाही. ज्या घरात नशेनं माणूस गेला, त्या घराला तो विचारायचा हक्क आहे. म्हणूनच त्याचं उत्तर नीट मोजून द्यावं लागलं, आणि ते मोजण्याची हकीकत थोडी सविस्तर सांगतो.

अडचण अशी होती की नशा करणाऱ्याला ‘तू सुई वाटून घेतोस का?’ असं विचारलं तर तो समोरच्याला बरं वाटेल तेच उत्तर देणार. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात नोव्हेंबर १९९० मध्ये सुई बदलून देणं सुरू झालं, तेव्हा येलचे संशोधक एडवर्ड कॅप्लान आणि रॉबर्ट हायमर यांनी माणसांऐवजी सुयांचीच तपासणी करायचं ठरवलं. दिलेल्या प्रत्येक सिरिंजवर खूण केली आणि ती परत आली की आतल्या रक्तात एचआयव्ही आहे का ते पाहिलं. सुई काही खोटं बोलत नाही. आधी रस्त्यावर फिरणाऱ्या सुयांपैकी साधारण दर तिनांत दोन बाधित निघत होत्या. काही महिन्यांत परत येणाऱ्या सुयांमध्ये हे प्रमाण दहात चारच्या आसपास आलं. त्यावरून गणित मांडून त्यांनी अंदाज काढला की योजनेत येणाऱ्यांमधली नवी लागण सुमारे एक तृतीयांशानं घटली.

हे कसं झालं ते गडचिरोलीच्या वाचकाला मलेरियावरून चटकन कळेल. डास एकाला चावतो, मग दुसऱ्याला, आणि जितके दिवस जगतो तितक्या घरांत रोग नेतो. सुईचंही तसंच आहे. सुई महिनाभर फिरली तर वीस हातांतून जाते. दोन दिवसांत जमा झाली आणि बदल्यात नवी मिळाली तर एक-दोन हातांतच तिचा फेरा संपतो. नशा करणारे तेवढेच, त्यांच्या सवयीही फारशा बदललेल्या नाहीत, तरी सुईचं आयुष्य कमी झाल्यामुळे रोगाची वाट तुटली.

‘यानं नशा वाढेल’ ही भीतीही तपासली गेली आणि अभ्यासांत ती खरी ठरली नाही. अमेरिकेतल्याच सिॲटलमधल्या एका अभ्यासात तर सुई बदलायला नव्यानं येऊ लागलेल्यांची, तिथं कधीच न गेलेल्यांच्या तुलनेत, व्यसनमुक्तीच्या उपचारात शिरण्याची शक्यता पाचपट आढळली. कारण साधं आहे. रोज सुई बदलायला येणाऱ्याची तिथल्या कार्यकर्त्याशी ओळख होते, आणि ज्या दिवशी त्याला ‘पुरे झालं आता’ असं वाटतं, त्या दिवशी कुणाकडे जायचं हे त्याला ठाऊक असतं.

भारतानं हे सगळं फार कडू अनुभवातून शिकलं. मणिपूरमध्ये हेरॉइन शिरेत घेणाऱ्यांत १९८९ च्या सप्टेंबरपर्यंत एचआयव्हीचा एकही रुग्ण सापडला नव्हता. त्यानंतरच्या सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी जवळपास निम्मे बाधित निघाले. लैंगिक संबंधातून पसरणारा एचआयव्ही वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, सुईतून पसरणारा असा एका हंगामात भडकतो. देशात आज प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. नशेची सुई घेणाऱ्यांमध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत ते ९ टक्क्यांच्या घरात होतं.

या संघटनेच्या केंद्रांमध्ये आता स्वच्छ सुयांबरोबर आणखी एक गोष्ट मिळते, ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. रोज केंद्रावर येऊन ती समोर जिभेखाली ठेवायची. हेरॉइन मेंदूतल्या ज्या जागांवर जाऊन बसतं, त्याच जागा ही गोळी अडवते, पण अर्धवटच चेतवते. त्यामुळे झिंग चढत नाही, आणि अंग मोडून येणं, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, उलट्या हा जो छळ नशा सुटल्यावर सुरू होतो, तोही होत नाही. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असं लोक म्हणतात. दिवसातून चार वेळा सुई शोधत फिरणारा माणूस सकाळी एक गोळी घेऊन कामाला जातो, संध्याकाळी घरी येतो, त्याच्या हातात सुई नसते. मला यात नशा दिसत नाही, उपचार दिसतो. अभ्यास एकत्र करून पाहिले तर अशा उपचारानं एचआयव्हीची नवी लागण निम्म्याहून कमी होते. हिपॅटायटिस सीची निम्म्यावर येते, आणि जोडीला पुरेशा स्वच्छ सुया मिळाल्या तर सुमारे तीन चतुर्थांशानं घटते. नुसतं समुपदेशन किंवा नुसती धाकदपटशा यांनी असे आकडे आलेले नाहीत.

इथवर वाचून झरी जामणीचा किंवा अर्जुनी मोरगावचा वाचक म्हणेल, इम्फाळ आणि अमेरिका ठीक आहे, आमच्या गावात हेरॉइन कोण घेतं? आमच्याकडे मोहाची दारू आहे, खर्रा आहे, फार तर गांजा. बरोबर आहे. पण थेंबाला सुईत हेरॉइन होतं की ताकदीचं औषध, हे कळत नाही.

पेरणी-निंदणीच्या दिवसांत आठवडी बाजाराला जा. बाजाराच्या कडेला एका खोलीत दवाखाना असतो, बाहेर बाकड्यावर बायामाणसं. आतून ऐकू येतं : “डाक्टरसाहेब, गोया नोका देऊ, एक सुई मारून द्या. उद्या निंदाले जा लागते.” सुई मारली की बरं वाटतं हा आपल्याकडचा पक्का समज आहे. गोळीला तीन दिवस लागतात आणि मजुरी बुडते, म्हणून बाईचा हिशोब समजण्यासारखा आहे. डिग्री असलेला डॉक्टर तिला नाही म्हणायला कचरतो, कारण ती समोरच्या दुकानात जाईल. बोगस डॉक्टर तर नाही म्हणतच नाही. एका स्टीलच्या ट्रेमध्ये कापूस, एक मोठी बाटली, तिच्या बुचात सतत रुतवून ठेवलेली एक सुई, आणि पेशंट बदलला की सुई नवी पण सिरिंज तीच. हे ज्यानं पाहिलं आहे त्याला वरचा पाण्याचा प्रयोग पुन्हा सांगायची गरज नाही. सुई बदलली तरी सिरिंजच्या टोकात मागच्याचं रक्त उरू शकतं आणि तीच सिरिंज बाटलीत बुडवली की पूर्ण बाटली दूषित होते.

या शतकाच्या सुरुवातीला इंडियाक्लेन या संशोधकांच्या जाळ्यानं देशभर पाहणी केली. वर्षाला सुमारे ३ अब्ज इंजेक्शनं दिली जातात आणि त्यातली जवळपास ६३ टक्के कोणत्या ना कोणत्या अर्थानं असुरक्षित असतात, असं तिच्यात दिसलं. त्यानंतर लसीकरणात एकदाच वापरता येणाऱ्या, दट्ट्या आपोआप अडकणाऱ्या सिरिंज आल्या आणि अंगणवाडीत मिळणारी लस त्या बाबतीत निर्धास्तपणे द्यावी अशी झाली. बाजारातल्या खोलीपर्यंत तो बदल सगळीकडे पोचलेला नाही.

त्याची किंमत कुणी मोजली ते आठवून पाहा. गुजरातेत मोडासा इथं २००९ साली वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेक जीव गेले. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ परिसरात २०१७-१८ मध्ये एचआयव्हीचे रुग्ण अचानक डझनांनी सापडू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या लोकांनी तपास केला तेव्हा बोट असुरक्षित इंजेक्शनांकडेच गेलं. आणि सर्वांत मोठं उदाहरण इजिप्तचं. तिथं नाईल नदीकाठच्या शेतकऱ्यांना पाण्यातल्या कृमीचा एक आजार व्हायचा. सरकारनं विसाव्या शतकाच्या मध्यापासून कित्येक वर्षं गावोगाव इंजेक्शनांची मोहीम चालवली, काचेच्या त्याच त्या सिरिंज नीट न उकळता वापरल्या, आणि हिपॅटायटिस सी देशभर पसरला. पुढे जगातलं सर्वाधिक प्रमाण इजिप्तमध्ये नोंदलं गेलं. ते शेतकरी व्यसनी नव्हते. रोग बरा व्हावा म्हणून त्यांनी दंड पुढे केला होता. २०१८-१९ मध्ये त्याच सरकारनं कोट्यवधी लोकांची तपासणी करून मोफत उपचार दिले, तेव्हा कुठे तो आकडा खाली आला.

यात्रेत गोंदवून घेण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. मशीनची सुई आणि शाईची वाटी, दोन्ही नवी आहेत का हे विचारल्याशिवाय हात पुढे करू नका. वस्तऱ्याचं पातं न्हाव्याकडून समोर बदलून घ्या. बाकी चुलीला, ताटाला, मिठी मारण्याला घाबरायचं कारण नाही, तिथून हे विषाणू जात नाहीत.

आता शिरेतल्या नशेकडे परत येतो, कारण ‘आमच्याकडे नाही’ हे वाक्य अमेरिकेतल्या एका गावानंही म्हटलं होतं. इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीतलं (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) ऑस्टिन हे गाव चार हजारांवर वस्तीचं, आपल्या एखाद्या बाजारगावाएवढं. साथीच्या आधीच्या दहा वर्षांत पूर्ण काउंटीत एचआयव्हीचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके होते. तिथं लोक ऑक्सिमॉर्फोन या वेदनाशामकाच्या गोळ्या विरघळवून शिरेत घेऊ लागले. काही घरांत तीन-तीन पिढ्या एकत्र बसून घेत. सुई मिळायची मारामार, जवळ तपासणीची सोय नाही. २०१५ च्या अखेरीस एचआयव्हीच्या रुग्णांची संख्या १८१ झाली होती आणि त्यातल्या दहापैकी नऊ जणांना हिपॅटायटिस सीही होता. राज्याचे गव्हर्नर माइक पेन्स सुई बदलून देण्याच्या विरोधात होते. मार्च २०१५ मध्ये त्यांना तिथं परवानगी द्यावी लागली. हिपॅटायटिस सीचे रुग्ण आधीच वाढत होते, तेव्हाच पावलं उचलली असती तर एचआयव्हीची बहुतेक लागण टळली असती, असं नंतरच्या अभ्यासानं दाखवलं. आधी सी वाढतो, मागून एचआयव्ही येतो. तालुक्याच्या प्रयोगशाळेत तरुण पोरांचे सीचे अहवाल पॉझिटिव्ह येऊ लागले, तर ती वेळ गप्प बसण्याची नसते.

आपल्याकडेही वेदनाशामक पेंटाझोसिनची इंजेक्शनं चिठ्ठीशिवाय मिळवणारे आहेत. जिममध्ये दम वाढावा म्हणून मेफेन्टरमाइन हे रक्तदाब वाढवणारं औषध टोचून घेणारी तरुण मुलंही आहेत. ती स्वतःला व्यसनी समजतच नाहीत. पण एका बाटलीतून तिघांनी एकाच सिरिंजनं ओढलं की थेंब आलाच.

मग अशांची संख्या किती, हे कळायचं कसं? पोलिसांच्या नोंदीत पकडलेले असतात आणि दवाखान्याच्या नोंदीत आजारी पडलेले. बाकीचे दिसतच नाहीत. इथं ताडोबा कामाला येतो. ताडोबात वाघ मोजताना कॅमेऱ्यांत आलेले वाघ पट्ट्यांवरून ओळखतात आणि पुन्हा कॅमेरे लावले की त्यातले किती परत दिसले ते पाहतात. लपलेली माणसं मोजायला संशोधक हेच गणित वापरतात. समजा एका तालुक्यात सुई घेणारे ४० जण तपासणी केंद्रावर आले. दुसऱ्या ठिकाणी, कार्यकर्त्यांच्या यादीत, ३० जण भेटले. दोन्ही याद्यांत सारखे निघाले १२. दुसऱ्या यादीतले ३० पैकी १२, म्हणजे ४० टक्के, आधी दिसलेले होते. याचा अर्थ पहिल्या यादीनं एकूण लोकांपैकी साधारण ४० टक्केच पकडले. एकूण मग १०० च्या आसपास. प्रत्यक्षात दिसले ५८, उरलेले ४२ कुणाच्याच नजरेत नाहीत.

या गणिताला एक अट आहे. प्रत्येकजण दोन्हीकडे सापडण्याची शक्यता सारखी असली पाहिजे. तपासणी केंद्राच्या दाराशी पोलीस उभा राहू लागला किंवा सिस्टरनं एकाचं नाव गावात फोडलं, की भित्रे लोक दोन्ही याद्यांतून गळतात. धीट तेवढे दोन्हीकडे दिसतात, आणि दोन्ही याद्या एकमेकींशी जुळू लागतात. मग गणित सांगतं की लोक थोडेच आहेत. आकडा खाली आल्याचा अहवाल वर जातो, केंद्राचा निधी कमी होतो, आणि रोग मात्र लपलेल्यांमध्ये वाढत असतो. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. नाव गुप्त ठेवणं ही नुसती सभ्यता नाही, त्याशिवाय मोजमापच खोटं ठरतं.

दुसरी एक पद्धत डग्लस हेकाथॉर्न या समाजशास्त्रज्ञानं १९९७ मध्ये मांडली. सुरुवातीच्या काहीजणांना मोजकी कुपनं द्यायची, त्यांनी ती आपल्या ओळखीच्या नशा करणाऱ्यांना द्यायची, त्यांनी पुढे. ज्याच्या ओळखी जास्त त्याचं वजन हिशोबात कमी धरायचं. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या, २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत सुमारे २ लाख घरांबरोबर याच पद्धतीनं ७० हजारांहून अधिक व्यसनाधीन माणसं गाठली गेली. देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईनं नशा घेतात हा अंदाज तिथून आला. घरोघर प्रश्नावली घेऊन फिरून तो आला नसता, कारण आईच्या देखत हे कोण सांगेल?

विदर्भाच्या खेड्यात नशा आणि संसर्ग यांची सर्वांत मोठी गाठ मात्र सुईत नसून दारू आणि टीबीत आहे, हेही सांगायलाच हवं. दारूचं व्यसन असलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका जवळपास तिप्पट असतो. दारूनं फुप्फुसातल्या रक्षक पेशी दुबळ्या होतात, जेवण सुटतं, आणि बंद खोलीत कोंडाळं करून पिताना एकाच्या खोकल्यातले जंतू सगळ्यांच्या श्वासात जातात. चिलीम फिरवतानाही मुख्य धोका त्याच हवेचा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखू कमी करण्याचा कार्यक्रम गावोगाव चालतो. मी त्या कामाच्या बाजूनं आहे. पण बंदीच्या गावात पिणारा आशाताईपासून तोंड लपवतो, आणि ‘पिऊन येतो, त्याले काय गोया देता’ असं कुणी म्हटलं की तो टीबीचा कोर्स अर्ध्यावर सोडतो. टीबीच्या काही औषधांचा आणि दारूचा भार एकाच यकृतावर पडतो, म्हणून त्याला इतरांपेक्षा जास्त वेळा पाहायला हवं. अर्धवट कोर्समधून औषधाला न जुमानणारा टीबी तयार होतो आणि तो न पिणाऱ्या बायकोमुलांनाही होतो.

एखाद्या आईला कळलं की मुलगा सुई घेतो, तर तिला पहिली धास्ती पोलिसांची असते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच कलम ६४ अ आहे. स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, मात्र उपचार पूर्ण करावा लागतो. एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्यानं स्वच्छ सुया देणाऱ्या कार्यकर्त्यालाही संरक्षण दिलंय, आणि संमतीशिवाय चाचणी करणं किंवा निकाल फोडणं बेकायदा ठरवलंय. व्यसनासाठी १४४४६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे दोन्ही फोन मोफत आहेत. हिपॅटायटिस सीचा उपचार २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतो. बहुतेकांना १२ आठवडे रोजच्या गोळ्या पुरतात आणि १०० पैकी ९५ हून अधिक बरे होतात. बरा झालेला पुन्हा जुन्या सिरिंजकडे गेला तर पुन्हा लागण होते, म्हणून गोळ्यांबरोबर स्वच्छ सुई आणि व्यसनाचा उपचारही हवाच.

इंजेक्शन खरंच लागणार असेल तर पाकीट समोर फोडायला सांगा आणि वापरलेली सुई कटरमध्ये तोडली जाते का ते पाहा. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीचा पहिला डोस द्यायचा असतो. बाळंतपण घरीच झालं तर त्याच दिवशी सिस्टरला बोलवा. आणि ग्रामपंचायतीचा सफाई कामगार, कबाडी किंवा उकिरड्यावर खेळणारं पोर, कुणालाही टाकलेली सुई टोचली तर जखम पिळू नका, वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी पडतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. म्हणून रविवार असो की रात्र, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात लगेच निघा. हिपॅटायटिस बीची लस पूर्वी झाली होती का हे तिथं विचारतील, तेव्हा लसीकरणाचं कार्ड सापडलं तर सोबत न्या.